नाशिकहून पहिल्या स्कूबा सहलीला: ठिकाण कसं निवडाल?

पहिल्यांदा स्कूबा (पाठीवर हवेची टाकी, म्हणजे टँक, बांधून पाण्याखाली फिरणं) करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठे जाऊ?’ असाच असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी सुट्टी कधी मिळणार ते ठरवा, मग पाण्याखाली नेमकं काय करायचंय ते ठरवा. ही दोन उत्तरं हातात आली की नकाशावरची निम्मीअधिक ठिकाणं आपोआप गळून पडतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं. कुणाच्या तरी फोनवरचा निळाशार फोटो पाहून आधी विमानाची तिकिटं काढली, तर चुकीच्या महिन्यात, गढूळ पाण्यात किंवा आपल्याला न झेपणाऱ्या प्रवाहात उतरायची वेळ येते. पहिलाच अनुभव तसा आला की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. तसं कुणाचंही होऊ नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आपण नाशिककर समुद्रापासून लांब, वर घाटमाथ्यावर राहतो. त्याचाही या निवडीशी थेट संबंध आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, पण तो भाग वाचल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.

पायरी पहिली: कॅलेंडर समोर घ्या

उष्ण कटिबंधातला समुद्र बारा महिने कोमट असतो, पण बारा महिने शांत नसतो. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे ज्या किनाऱ्यावर आदळतात तिथे डायव्हिंग बंद असतं, आणि जो किनारा त्या वाऱ्यांच्या आडोशाला असतो तिथे हंगाम ऐन भरात असतो. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे येतात तेव्हा चित्र बरंचसं उलटं होतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कुठल्याही एजंटला विचारायची गरज उरत नाही.

कोकण, गोवा, उत्तर कर्नाटकचा किनारा आणि लक्षद्वीप इथला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही ऑक्टोबरच्या सुरुवातीला नद्यांनी वाहून आणलेला गाळ खाली बसलेला नसतो, त्यामुळे कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला जास्त भरवशाचा वाटतो. अंदमान ऑक्टोबर ते मे चालतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाच्या सरी येऊ शकतात. जानेवारी ते एप्रिल तिथे समुद्र शांत असतो आणि पाणी स्वच्छ. मालदीवचा कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल. श्रीलंकेत एकाच देशात दोन हंगाम आहेत: हिक्कडुवा, उनवटुना हा नैऋत्येकडचा किनारा नोव्हेंबर ते एप्रिल, तर त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. थायलंडचंही तसंच आहे. फुकेतच्या बाजूचा अंदमान समुद्र हिवाळ्यात चांगला, आणि तिथलं सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान फक्त १५ ऑक्टोबर ते १५ मे या काळातच उघडं असतं. पलीकडच्या आखातातलं कोह ताओ मार्च ते सप्टेंबर उत्तम, पण ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे दिवस. बालीचा कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर.

आता हे आपल्या सुट्ट्यांना लावून पाहू. मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्यांना दिवाळी आणि मे महिना सोडून हलता येत नाही. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर मालवण, गोवा, लक्षद्वीप जमतं, फुकेतची बाजूही जमते. त्याच दिवसांत कोह ताओचं स्वस्त पॅकेज कुणी देऊ केलं तर ते स्वस्त का आहे ते आता तुम्हाला कळलं असेल. एप्रिलअखेर परीक्षा आटोपल्या की लगेच निघणार असाल तर अंदमान. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र आपल्या किनाऱ्यांचा नाद सोडा आणि बाली, कोह ताओ किंवा त्रिंकोमालीकडे वळा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांना रजा थोडी मागेपुढे करता येते. त्यांनी दिवाळीची गर्दी टाळून जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरावा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचं गणित एकदम वेगळं. जानेवारी ते एप्रिल माल काढणी, मग खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा गोडी छाटणी. मधल्या पावसाळ्यात त्यातल्या त्यात आठ-दहा दिवस काढता येतात. नेमका तेव्हा कोकणचा समुद्र बंद असतो, पण बाली आणि त्रिंकोमाली चालू असतात. बागायतदार मित्रांना मी नेहमी हेच सुचवतो.

महिना ठरला की तिथी पाहा. भिंतीवरचं कॅलेंडर इथे खरंच उपयोगी पडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोरात धावतो आणि किनाऱ्याजवळचा गाळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, प्रवाह मंद असतो. मालवणसारख्या उथळ किनाऱ्यावर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बाकी सगळं सारखं असेल तर डाईव्हचे दिवस अष्टमी-नवमीच्या आगेमागे येतील असं बघा.

पायरी दुसरी: एक डाईव्ह की पूर्ण कोर्स?

समुद्राखाली जायचे दोन रस्ते आहेत आणि ठिकाणाची निवड त्यावरच अवलंबून असते.

पहिला रस्ता म्हणजे ट्रायल डाईव्ह. थोडी माहिती, उथळ पाण्यात सराव आणि मग इन्स्ट्रक्टर तुमचा टँक धरून तुम्हाला फिरवून आणतो. खोलीची मर्यादा १२ मीटर, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरंच वर ठेवतात. किमान वय १०. पोहता येत नसलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं. ‘मला हे झेपतंय का, आवडतंय का’ एवढंच पाहायचं असेल तर यासाठी परदेशात जायची काहीच गरज नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ओपन वॉटर कोर्स. पाडी, एसएसआय अशा आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं जगभर चालतात. कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो: थिअरी, तलावातली किंवा शांत उथळ पाण्यातली कौशल्यं आणि समुद्रातल्या चार डाईव्ह. यात पोहण्याची चाचणी असते. न थांबता २०० मीटर पोहणं, वेगाची अट नाही, आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं. हे प्रमाणपत्राचं कार्ड मिळालं की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं.

माझा सल्ला असा. आधी जवळ कुठेतरी एक ट्रायल डाईव्ह करा. आवडली तर पुढची सहल कोर्ससाठीच राखून ठेवा, आणि त्या सहलीत प्रेक्षणीय स्थळांची यादी कोंबू नका. कोर्सची थिअरी बहुतेक संस्था ऑनलाइन देतात. ती नाशिकमध्ये घरी बसून संपवली तर बेटावर एक अख्खा दिवस वाचतो. तलावातला भाग पुण्या-मुंबईत करून फक्त समुद्रातल्या चार डाईव्ह बेटावर करायचीही सोय असते. दोन्हीकडची सेंटर एकाच संस्थेची असली तर कागदपत्रांचा घोळ होत नाही.

पायरी तिसरी: निघायच्या आधी नाशिकमध्ये

सेंटर तुम्हाला आरोग्याची प्रश्नावली भरायला देईल. ती तिथे, बोटीवर चढता चढता भरू नका, आधी मागवून घ्या. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुसांचे आजार, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांतलं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती नसेल तर बेटावर जाऊन नुसतं बसून राहावं लागतं. गरोदरपणात डायव्हिंग करत नाहीत. काही त्रास नसला तरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून एकदा कान तपासून घ्या. आणि काहीही लपवू नका. ही प्रश्नावली तुमच्याच जिवासाठी आहे.

कानांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवखे लोक अडतात ते इथेच. समुद्रात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानाला तो जाणवायला लागतो अगदी पहिल्या दीड-दोन मीटरवर. पडदा आत ढकलला गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी मास्कच्या रबरी नाकावरून नाकपुड्या चिमटीत धरायच्या, तोंड मिटलेलं ठेवायचं आणि नाकातून हलकेच हवा ढकलायची. दोन्ही कानांत बारीकसं ‘टक्’ होतं आणि दडा सुटतो. हे दुखायला लागायच्या आधी करायचं आणि उतरताना दर थोड्या अंतरावर करत राहायचं. एखादा कान सुटला नाही तर जोर लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून खूण करायची, अर्धा-एक मीटर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाईव्ह रद्द. गोळी घेऊन उतरू नका, कारण गोळीचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना त्रास होतो.

पोहण्याचा सराव इथेच होतो. त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे, खासगी तलावही आहेत. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी बॅचेसची झुंबड असते, म्हणून सराव हिवाळ्यातच सुरू करा. वेग नको, संथ लयीत २०० मीटर जमायला हवं. गंगापूर धरणात किंवा नदीच्या डोहात एकट्याने सराव करायला मात्र जाऊ नका.

रोज प्राणायाम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. लांब, संथ श्वासाची सवय पाण्याखाली फार कामी येते, हवा पुरते आणि मन शांत राहतं. पण कुंभक तिथे पूर्ण वर्ज्य. टँकमध्ये दाबून भरलेली साधी हवा असते. पाण्याखाली घेतलेला श्वास रोखून तुम्ही वर आलात तर दाब कमी होताना ती हवा फुप्फुसात फुगते आणि गंभीर इजा होऊ शकते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आहे.

पायरी चौथी: आता ठिकाण

मालवण-तारकर्ली. आपल्यासाठी सर्वांत जवळचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ ट्रायल डाईव्ह होतात आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. बोट किल्ल्याच्या तटाजवळ नांगर टाकते, तुम्ही शिडीवरून पाण्यात उतरता, इन्स्ट्रक्टर आधी तोंडाने श्वास घ्यायला शिकवतो आणि पाच-सहा मीटरवर माशांचे थवे भेटतात. पाणी मालदीवसारखं आरपार दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. जवळच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, गाळ असतो, आणि अनेकदा काही मीटरपलीकडचं दिसत नाही. तरीही पहिल्या डाईव्हसाठी मी मालवणच सुचवेन. भाषा आपली, खर्च आटोक्यात, घरचे लोक किल्ला बघतात, आणि इन्स्ट्रक्टर ‘घाबरू नका, श्वास घ्या’ हे मराठीत सांगतो. पाण्याखाली जाण्याआधीच्या त्या पाच मिनिटांत आपल्या भाषेतल्या या दोन शब्दांनी किती धीर येतो, ते अनुभवल्यावरच कळतं. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळक्षेत्र आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे ठिकाण मराठी डायव्हरच्या मनात कायम असतं, पण ते नवख्यांसाठी नाही.

गोवा. ग्रँड आयलंडच्या परिसरात जुन्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष आहेत आणि कोर्सही चांगले होतात. ‘बोट, जेवण, डॉल्फिन, स्कूबा’ असं सगळं एका तिकिटात देणारी पॅकेजेस टाळा. त्यांत स्कूबा म्हणजे दोरी धरून काही मिनिटं पाण्यात बुडी एवढंच वाट्याला येतं. थेट डाईव्ह सेंटरशी बोला. जाण्यासाठी नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे, ती कोकण रेल्वेने मडगावला आणि पुढे एर्नाकुलमला जाते.

नेत्राणी. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून बोटीने साधारण दीड तास. मुख्य किनाऱ्यापासून दूर असल्याने पाणी गोवा-मालवणपेक्षा बरंच स्वच्छ मिळतं. बोट लागणाऱ्यांनी निघण्याच्या तासभर आधी गोळी घ्यावी, अर्थात डॉक्टरांना विचारून.

लक्षद्वीप. खऱ्या प्रवाळ कंकणद्वीपांचा अनुभव भारतातच घ्यायचा तर इथे. लॅगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या भागाचं, पाणी उथळ आणि शांत, शिकायला आदर्श. कडमत आणि बंगाराम ही डायव्हिंगसाठी ओळखली जाणारी बेटं. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि तो हातात पडायला वेळ लागतो, म्हणून तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करा. विमान कोचीहून अगत्तीला जातं. राहायच्या जागा मोजक्याच. समुद्राचं तापमान वाढून इथल्या प्रवाळांचं १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं विरंजन झालं, आणि २०२४ मध्येही त्यांना फटका बसला. त्यामुळे काही ठिकाणी रंगीत प्रवाळाऐवजी पांढुरके सांगाडे दिसतील. मासे आणि कासवं मात्र भरपूर.

अंदमान. पूर्ण कोर्ससाठी भारतातली माझी पहिली पसंती. आधी विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिथून फेरीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. नेमो रीफला किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं. बोटीवरून उडी मारायची धाकधूक नाही, तळ हळूहळू खोल होत जातो आणि विदूषक मासे समुद्रफुलांच्या झुबक्यांत लपलेले दिसतात. कार्ड मिळाल्यावर त्याच बेटावरून द वॉल, पुढे अनुभव वाढला की डिक्सन्स पिनॅकल या डाईव्हच्या जागांवर, असं टप्प्याटप्प्याने जाता येतं. शिकायची आणि पुढे वाढायची जागा एकच असणं ही मोठी सोय आहे. फेरीची तिकिटं सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात, आणि हवा बिघडली तर फेरी रद्द होते, म्हणून विमानाच्या आधी एक मोकळा दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवा. तो दिवस वाया जात नाही. भगूरच्या सावरकरांची सेल्युलर जेलमधली कोठडी तिथे आहे. ती पाहिल्याशिवाय नाशिकचा माणूस सहसा परत येत नाही.

त्रिंकोमाली. पावसाळ्यात जाता येणारं, फार महाग नसलेलं ठिकाण. पिजन आयलंड राष्ट्रीय उद्यानाच्या उथळ प्रवाळात नवखे आरामात फिरतात. दक्षिणेला बट्टिकलोआजवळ १९४२ मध्ये बुडालेली एचएमएस हर्मीस ही विमानवाहू नौका आहे, पण ती ५० मीटरपेक्षा खोल आहे. ते प्रगत डायव्हरांचं काम.

कोह ताओ. कोर्ससाठी जगभरातून लोक इथे येतात. छोट्याशा बेटावर इतकी सेंटर आहेत की स्पर्धेमुळे दर उतरलेले असतात, शांत उथळ खाड्या आहेत, इन्स्ट्रक्टर अनेक देशांचे. मात्र गर्दीही तशीच. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

बाली. ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन हे नवख्यांना जहाजाचा सांगाडा बघता येईल असं जगातलं फार सुंदर ठिकाण आहे. लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या माऱ्यात निकामी झालं आणि ते ओढत आणून किनाऱ्याला लावलं. पुढे १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे आणि खालचा तीस मीटरच्या आसपास. त्यामुळे ट्रायल डाईव्ह करणारा आणि अनुभवी डायव्हर दोघंही तेच जहाज आपापल्या खोलीवरून बघतात. किनाऱ्यावर वाळू नाही, मुठीएवढे काळे गुळगुळीत गोटे आहेत. गावातल्या बायका डोक्यावर टँक ठेवून त्या गोट्यांवरून सहज चालत जातात. आपण मात्र जाड तळव्याचे बूट घालूनही जपून पाय टाकावेत, आणि लाट ओसरली की लगेच आत शिरावं. दक्षिणेकडच्या नुसा पेनिदाला मांटा रे हे पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे मासे दिसतात, जुलै ते ऑक्टोबर सनफिश हा अवाढव्य मासाही येतो, पण तिथे पाणी गार आणि प्रवाह जोरदार असतो. पहिल्या सहलीत तिकडे जाऊ नका. इंडोनेशियात भारतीयांना उतरल्यावर शुल्क भरून व्हिसा मिळतो.

मालदीव. याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. मालदीव स्वप्नवत आहे यात शंका नाही, पण तिथल्या नामांकित जागा बहुतांशी बेटांमधल्या खिंडीत आहेत आणि तिथे प्रवाह धो धो वाहतो. नुकतं कार्ड मिळालेल्या माणसाचा त्यात निम्मा वेळ स्वतःला सांभाळण्यातच जातो. पंधरा-वीस डाईव्ह झाल्यावर गेलात तर पैशांचं चीज होईल. जायचंच असेल तर स्थानिक बेटावरचं गेस्टहाऊस घ्या, ते रिसॉर्टच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं, आणि शांत लॅगूनमध्ये शिका. मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांना तिथे ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. मांटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हनिफारू खाडीत स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणं, करता येतं. भारतीयांना उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो. मद्याची अपेक्षा असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की स्थानिक बेटांवर ते मिळत नाही.

पायरी पाचवी: सेंटरला फोन करा

ठिकाण ठरलं तरी तुमची डाईव्ह कशी होणार हे शेवटी सेंटर ठरवतं. मेसेजवर दर विचारून थांबू नका, फोन करा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजनचा संच आहे का? सर्वांत जवळचा रिकंप्रेशन चेंबर (डाईव्हनंतर शरीरात बुडबुडे झाले तर ज्यात उपचार होतात ती दाबाची खोली) कुठे आहे? हवा बिघडून डाईव्ह रद्द झाली तर पैसे परत की तारीख पुढे? सांगितलेल्या दरात उपकरणं, बोट, उद्यानाचं शुल्क आणि प्रमाणपत्राची फी धरली आहे का? चांगलं सेंटर या प्रश्नांची उत्तरं न कंटाळता देतं. चेंबरचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला किंवा हसण्यावारी नेऊ लागला तर दुसरं सेंटर बघा. इन्स्ट्रक्टरचा सदस्य क्रमांक मागून घ्या, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

विम्याचंही आधीच बघा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेलं असतं. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा आणि गरज पडल्यास डॅनसारख्या डायव्हरांच्या संस्थेचा विमा घ्या.

स्वतःचं काही विकत घ्यायचं असेल तर सुरुवातीला फक्त मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने किंचित श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांना नाकाखाली थोडी गळती होते, तिथे मिशी जरा कातरून घेतली की काम भागतं. बाकी सगळं भाड्याने मिळतं.

पाण्यात कशालाही हात लावू नका. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, एका लाथेने कित्येक वर्षांची वाढ तुटते. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही बॅगेत टाकू नका.

पायरी सहावी: परतीचा दिवस आधी ठरवा

पाण्याखाली दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत तुम्ही उंचावर गेलात, म्हणजे दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून डाईव्हनंतर लगेच विमानात बसत नाहीत. प्रचलित सल्ला असा: एकच साधी डाईव्ह झाली असेल तर किमान १२ तास, रोज किंवा एकाहून जास्त डाईव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबा. बहुतेक अनुभवी डायव्हर सरळ २४ तास धरतात, तुम्हीही तेच धरा.

हा सल्ला साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेच्या दाबासाठी आहे. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईकराला जो नियम फक्त विमानात लागतो, तो आपल्याला कसारा घाट चढतानाही लागतो. मालवणहून कोल्हापूरमार्गे यायचं तर आंबोली ७०० मीटरच्या आसपास, फोंडा आणि गगनबावडा घाटही चढाचेच. गोव्याहून चोर्ला किंवा आंबोलीने आलात तरी तेच. दुपारी डाईव्ह करून संध्याकाळी घाट चढणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. उथळ ट्रायल डाईव्हमध्ये शोषलेला नायट्रोजन कमी असल्याने बहुतेकांना काही होत नाही, पण ‘बहुतेकां’च्या भरवशावर हा खेळ खेळायचा नाही. घरी पोचल्यावर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा कमालीचा थकवा वाटला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. डॉक्टरांना डाईव्ह केल्याचं आवर्जून सांगा आणि सेंटरलाही फोन करा.

त्यामुळे वेळापत्रक उलटीकडून मांडा. समजा शुक्रवारी रात्री नाशिकहून निघालात. शनिवारी मालवणला पोचून विश्रांती घ्या, रविवारी सकाळी डाईव्ह. सोमवारी सकाळी किल्ला आणि बाजार, दुपारी जेवून निघायचं. म्हणजे घाटाला लागेपर्यंत २४ तास उलटून गेलेले असतात. रविवारी रात्रीच घरी पोचायचं असेल तर डाईव्ह शनिवारी सकाळी ठेवा, आणि त्यासाठी गुरुवारी रात्री निघा. अंदमानला शेवटची डाईव्ह परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी संपायला हवी. मुंबईत उतरून टॅक्सीने रात्रीच कसारा चढायचा असेल तरी चालतं, कारण विमानासाठी थांबलेले तास तेवढ्यासाठी पुरेसे असतात. ही तारीख सेंटरला बुकिंगच्या फोनवरच सांगून ठेवा, म्हणजे ते कोर्सच्या डाईव्ह त्या हिशेबाने लावतात.